शीतशुष्क अन्नाचा इतिहास : वजन, पाणी आणि शिध्याची निवड

प्रस्तावना

मनुष्य घराबाहेर पडला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न शिदोरीचा उभा राहतो. यात्रेकरू, व्यापारी, सैनिक, गिर्यारोहक आणि आपत्तीत घरदार सोडावे लागलेला सामान्य नागरिक या सर्वांना कमी वजनाचे, न नासणारे आणि थोड्या खटपटीत खाता येणारे अन्न हवे असते. अन्नातील बहुतांश वजन पाण्याचे असते आणि अन्न नासण्याचे प्रमुख कारणही त्यातील पाणीच असते. त्यामुळे अन्नातील पाणी काढून टाकणे हा या प्रश्नावरील सर्वांत जुना उपाय ठरला. विसाव्या शतकात या उपायाला शास्त्रीय परिपूर्णता देणारी जी पद्धती विकसित झाली ती ‘फ्रीझ ड्राइंग’ या नावाने जगभर ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘शीतशुष्कन’ ही संज्ञा वापरली आहे.

आज शिबिरे, गिर्यारोहण आणि आपत्कालीन साठा यांसाठी शीतशुष्क जेवणाची पाकिटे बाजारात मिळतात. पाकीट फाडावे, उकळते पाणी ओतावे, दहा मिनिटे थांबावे आणि जेवावे, इतकी त्याची कृती सोपी भासते. तथापि या सोपेपणामागे एक गृहीतक दडलेले आहे. अन्नातून काढलेले पाणी खाणाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी आणि शुद्ध स्वरूपात उपलब्ध होईल, हे ते गृहीतक होय. शीतशुष्क अन्नाच्या इतिहासात यश आणि अपयश यांची विभागणी प्रामुख्याने या गृहीतकाच्या खरे-खोटेपणावर झालेली दिसते. प्रस्तुत लेखात हाच धागा धरून या अन्नाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. शीतशुष्क अन्नाच्या ऐतिहासिक विकासाचे टप्पे पाहणे.
२. लष्कर, अंतराळयान आणि गिर्यारोहण या क्षेत्रांतील अनुभवांतून या अन्नाची बलस्थाने व मर्यादा स्पष्ट करणे.
३. शिबिर आणि आपत्ती या दोन भिन्न परिस्थितींत अशा अन्नाची निवड व तयारी करताना या इतिहासापासून काय बोध घेता येतो, याचा विचार करणे.

शीतशुष्कनाचे पूर्वसंचित

गोठवणे आणि सुकवणे या दोन क्रियांची सांगड प्रथम निसर्गानेच घालून दिली. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांच्या उंच पठारावर, ‘चुन्यो’ नावाचा सुका बटाटा तयार करण्याची प्रथा फार प्राचीन आहे. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरले जातात. रात्री ते गोठतात आणि दिवसा उन्हाने विरघळतात. मग ते पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढले जाते आणि शेवटी ते उन्हात खडखडीत वाळवले जातात. असा बटाटा अनेक वर्षे टिकतो. इंका राज्यकर्त्यांनी आपल्या मार्गांवर व नगरांजवळ उभारलेल्या कोठारांत धान्याबरोबर चुन्योचाही साठा असे. दुष्काळ आणि लष्करी मोहीम या दोन्ही प्रसंगी तो उपयोगी पडे. स्पॅनिश इतिवृत्तकार पेद्रो सिएसा दे लेओन याने १५५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चुन्योची नोंद केली आहे आणि पोतोसी येथील चांदीच्या खाणींवर तो विकून अनेक स्पॅनिश लोक धनवान झाल्याचे नमूद केले आहे.

चुन्योला पुष्कळदा ‘पहिले शीतशुष्क अन्न’ म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता हे पूर्णतः बरोबर नाही. त्यातील बरेचसे पाणी गोठून विरघळल्यानंतर दाबाने बाहेर पडते. आधुनिक शीतशुष्कनात मात्र बर्फ द्रवरूप न होता थेट वाफेच्या रूपात निघून जातो. परंतु एका बाबतीत दोन्ही सारखेच आहेत. चुन्यो खाण्यापूर्वी भिजवावा आणि शिजवावा लागतो. अँडीजच्या कोठारात पाण्याविना असलेला हा बटाटा अखेर पाण्याजवळच अन्न बनत असे.

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे ‘पेमिकन’ याहून वेगळे होते. सुकवलेल्या मांसाचा चुरा वितळलेल्या चरबीत कालवून ते केले जाई. ते तसेच चावून खाता येई. फर व्यापाऱ्यांनी आणि पुढे ध्रुवीय मोहिमांनी त्याचा अंगीकार केला. सुके अन्न दोन प्रकारचे असते, एक पाण्याची वाट पाहणारे आणि दुसरे न पाहणारे, हा भेद या दोन उदाहरणांतून लक्षात येतो. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत लष्करासाठी हवाबंद आणि सुके असे दोन्ही प्रकारचे अन्न तयार होऊ लागले. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने काचेच्या बरण्यांत अन्न हवाबंद करून उकळण्याची पद्धती १८१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्यासाठी पेटंट घेतले गेले. डबाबंद अन्न टिकले, परंतु त्याचे वजन कमी झाले नाही, उलट डब्याच्या पत्र्याने ते वाढले. दुसरीकडे गरम हवेने सुकवलेल्या भाज्यांच्या वड्या अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना दिल्या गेल्या. त्यांच्या बेचवपणाची सैनिकांनी यथेच्छ टिंगल केली. उष्णतेने पेशी आक्रसतात, पृष्ठभाग कडक होतो आणि पाणी पुन्हा आत शिरण्यास फार वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धातील सुक्या भाज्या व अंड्याची भुकटी यांविषयीच्या तक्रारींचेही हेच कारण होते. हलके आणि तरीही खाण्याजोगे अन्न तयार करावयाचे, तर पाणी उष्णतेने न आटवता काढण्याचा मार्ग हवा होता.

प्रयोगशाळेतून रणांगणाकडे

हा मार्ग अन्नशास्त्राने नव्हे, तर वैद्यकाने दाखवला. पाण्याचा दाब सुमारे ६११ पास्कलपेक्षा, म्हणजे वातावरणीय दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी केला, तर बर्फ द्रव न होता थेट वाफ बनतो. या क्रियेला संप्लवन म्हणतात. १९०६ मध्ये पॅरिस येथे आर्सेन दार्सोनव्हाल आणि फ्रेडरिक बोर्दास यांनी आणि १९०९ मध्ये अमेरिकेत लिऑन शॅकेल याने गोठवलेले जैविक पदार्थ निर्वातात सुकवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्ल फ्लॉस्डॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी रक्तद्रव मोठ्या प्रमाणावर सुकवण्याची पद्धती विकसित केली. दुसऱ्या महायुद्धात सुका रक्तद्रव आघाडीवर पोहोचला. शीतगृह नसतानाही तो टिकत असे आणि निर्जंतुक पाणी मिसळताच जखमी सैनिकाला देता येई.

येथे एक तपशील नोंदवण्याजोगा आहे. सैन्याला पुरवलेल्या संचात सुक्या रक्तद्रवाच्या बाटलीसोबत निर्जंतुक पाण्याची बाटलीही असे. वैद्यकाने पाण्याचा प्रश्न खाणाऱ्यावर किंवा वापरणाऱ्यावर सोडला नव्हता. पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलियर यांनी उष्ण हवामानात टिकणारी शीतशुष्क देवीची लस सिद्ध केली. भारतासारख्या उष्ण देशातून देवीचे उच्चाटन होण्यात या लशीचा मोठा वाटा होता. ही लसही विशिष्ट द्रवात कालवूनच टोचली जाई. शीतशुष्कनाने जंतू मरत नाहीत, हेही याच क्षेत्राने दाखवून दिले. प्रयोगशाळांमध्ये जिवाणूंचे वाण दीर्घकाळ जिवंत ठेवण्यासाठी हीच पद्धती वापरली जाते. अन्नाच्या संदर्भात ही गोष्ट विसरली जाण्याचा धोका अधिक असतो.

युद्धानंतर ही पद्धती अन्नाकडे वळली. प्रमुख अडचण खर्चाची व वेळेची होती. निर्वातात उष्णता अन्नाच्या गाभ्यापर्यंत सावकाश पोहोचते, त्यामुळे एक घाण सुकण्यास अनेक तास लागत. ब्रिटिश सरकारने स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे १९५० च्या दशकात चालवलेल्या प्रायोगिक कारखान्यात अन्न धातूच्या जाळीदार पत्र्यांमध्ये ठेवून उष्णता जलद पोहोचवण्याची ‘वेगवर्धित शीतशुष्कन’ पद्धती विकसित झाली. तिचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकात शीतशुष्क कॉफी बाजारात आली आणि सामान्य ग्राहकाला या तंत्राचा परिचय झाला.

व्हिएतनाम : हलका शिधा आणि कोरडे पाकीट

शीतशुष्क जेवणाला आजचे रूप अमेरिकन लष्कराने दिले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या मध्यास दीर्घ पल्ल्याच्या गस्तीसाठी स्वतंत्र शिधापाकीट तयार करण्यात आले. तोवरचा डबाबंद शिधा एका जेवणास एक किलोहून अधिक वजनाचा होता. आठवडाभर जंगलात राहणाऱ्या लहान तुकडीला तो वाहून नेणे अशक्यप्राय होते. नव्या पाकिटाचे वजन सुमारे ३१० ग्रॅम होते आणि त्यातून एक हजारांहून अधिक कॅलरी मिळत. त्याचे आठ प्रकार होते. गोमांस व भात, कोंबडी व भात, मसालेदार राजमा-मांस असे शिजवून शीतशुष्क केलेले पदार्थ त्यांत असत. पाणी पाकिटातच ओतायचे असल्याने भांड्याची गरज नव्हती.

सैनिकांमध्ये हा शिधा लोकप्रिय झाला. चवीच्या बाबतीत तो डबाबंद अन्नापेक्षा सरस मानला गेला. परंतु व्हिएतनामच्या कोरड्या ऋतूत, किंवा पाणवठ्यावर शत्रूची नजर असताना, वाचवलेले वजन पुन्हा पाठीवर येई, कारण जेवणासाठी जादा पाणी वाहून न्यावे लागे. गस्तीवर विस्तव पेटवणेही धोक्याचे असे. थंड पाण्यात हे अन्न भिजण्यास अधिक वेळ लागतो. पाण्याच्या अभावी ते कोरडेच चावून खाल्ले, तर तहान वाढते आणि शरीरातील पाणी पचनासाठी खर्ची पडते. तंत्रज्ञानाने सैनिकाच्या पाठीवरील ओझे हलके केले होते, परंतु पाणी शोधण्याची जबाबदारी त्याच्याच खांद्यावर ठेवली होती.

यानंतरच्या लष्करी निर्णयांवरून हा अनुभव लक्षात घेतला गेल्याचे दिसते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन सैन्याने सर्वसाधारण वापरासाठी स्वीकारलेल्या ‘एमआरई’ या शिध्यातील मुख्य पदार्थ ओलसर आणि लवचिक पाकिटात निर्जंतुक केलेले होते. ते जड होते, परंतु पाण्याविना व विस्तवाविना थेट खाता येत. पुढे त्यासोबत थोडे पाणी पडताच तापणारी मॅग्नेशियमची ज्योतिविरहित पिशवीही दिली जाऊ लागली. शीतशुष्क शिधा मात्र अतिशीत प्रदेशासाठी राखून ठेवण्यात आला. तेथे ओले अन्न गोठून दगडासारखे होते, सुके अन्न गोठत नाही आणि पाण्यासाठी बर्फ हाताशी असतो. एकाच सैन्यात दोन परिस्थितींसाठी दोन प्रकारचा शिधा कायम राहिला, ही बाब बोलकी आहे.

अंतराळातील पाणी

अंतराळयानाच्या इतिहासातही हेच सूत्र आढळते. प्रक्षेपणात प्रत्येक किलोची किंमत मोठी असल्याने सुके अन्न तेथे आदर्श मानले गेले. १९६५ पासूनच्या जेमिनी मोहिमांत अंतराळवीर नळीने थंड पाणी सोडून शीतशुष्क अन्न भिजवीत असत. अपोलो यानात प्रथमच सुमारे ६८ अंश सेल्सिअस तापमानाचे गरम पाणी उपलब्ध झाले आणि जेवणाची चव सुधारली. अपोलो यानांमध्ये वीजनिर्मितीसाठी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे इंधन-घट होते आणि पाणी हा त्यांचा उपपदार्थ होता. म्हणजेच पाणी वेगळे न्यावे लागत नव्हते, म्हणून सुके अन्न खऱ्या अर्थाने हलके ठरत होते. स्पेस शटलमध्येही हीच सोय होती. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची वीज मात्र सौर पट्ट्यांपासून मिळते. तेथे असे आयते पाणी निर्माण होत नाही. त्यामुळे सुक्या अन्नाचा वजनाचा लाभ घटला आणि निर्जंतुक केलेल्या ओलसर पदार्थांचा वाटा वाढवणे सयुक्तिक ठरले. जेथे पाणी अन्य कारणाने आधीच उपलब्ध असते, तेथेच शीतशुष्क अन्नाचा पूर्ण लाभ मिळतो, असा निष्कर्ष यावरून निघतो.

हिमालय आणि भारतीय अनुभव

गिर्यारोहणाच्या क्षेत्रात पाण्याचे महत्त्व शीतशुष्क पाकिटे येण्यापूर्वीच प्रत्ययास आले होते. मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लाम्बेर आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र काढली. त्यांच्याजवळ स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून त्यांनी घोटभर पाणी मिळवले. दुसऱ्या दिवशी त्यांना शिखराच्या अलीकडूनच परतावे लागले. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्याच वर्षी चो ओयू मोहिमेत केलेल्या निरीक्षणांवरून, अतिउंचीवर प्रत्येकाने दिवसाला सुमारे तीन लिटर द्रव घेणे आवश्यक आहे असे प्रतिपादन केले. १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेत त्यानुसार उत्तम स्टोव्ह व पुरेसे इंधन वरच्या छावण्यांपर्यंत पोहोचवण्यात आले. हिलरी आणि तेनसिंग यांनी शिखराकडे निघण्यापूर्वी भरपूर गरम पेय घेतले होते. शिखराच्या वाटेवर शिध्याइतकेच इंधनही मोलाचे असते, हे या मोहिमेने दाखवून दिले.

भारतात संरक्षण दलांच्या आहाराच्या संशोधनासाठी १९६१ मध्ये म्हैसूर येथे संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९५० पासून त्याच शहरात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था कार्यरत होती. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात मोठ्या उंचीवर सैन्य कायम ठेवणे अपरिहार्य झाले आणि हलक्या शिध्याचा प्रश्न तीव्र बनला. या प्रयोगशाळेने वेगवर्धित शीतशुष्कन पद्धतीने मांस सुकवणे, झटपट शिजणारे भात व डाळी, निर्जंतुक पाकिटबंद पदार्थ अशा अनेक दिशांनी काम केले. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्यासाठी भारतीय पदार्थही याच प्रयोगशाळेने तयार केले होते. त्याच महिन्यात सियाचिन हिमनदीवर भारतीय सैन्याची कायमची तैनाती सुरू झाली. तेथे सभोवार बर्फ असूनही पिण्याचे पाणी केरोसिनच्या स्टोव्हवर तो वितळवूनच मिळवावे लागते. साहजिकच शिध्याच्या वजनात इंधनाचे वजन मिळवल्याशिवाय तेथील हिशेब पूर्ण होत नाही.

नागरी बाजारपेठ आणि आपत्कालीन साठा

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात ऑल्बनी येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ऑरेगन फ्रीझ ड्राय या कंपनीने लष्कराला गस्तीची शिधापाकिटे पुरवली. त्याच अनुभवातून पुढे ‘माउंटन हाउस’ या नावाने तिची पाकिटे नागरी बाजारात आली. पाठीवर पिशवी घेऊन रानावनांत भटकण्याचा छंद त्या काळात अमेरिकेत वाढत होता. झरे, नद्या व तळी यांच्या आधाराने फिरणाऱ्या या भटक्यांना शीतशुष्क जेवण अगदी सोयीचे होते. १९७७ मध्ये जपानमधील मित्सुबिशी गॅस केमिकल कंपनीने ऑक्सिजन शोषून घेणारी लोहचूर्णाची पुडी बाजारात आणली. अशा पुड्या आणि अॅल्युमिनियमचा थर असलेली पाकिटे यांमुळे स्निग्ध पदार्थांना येणारा खवटपणा लांबला. मग उत्पादक पंचवीस-तीस वर्षांच्या टिकाऊपणाचे आश्वासन देऊ लागले आणि भटक्यांचे अन्न ‘संकटकाळचे अन्न’ म्हणूनही विकले जाऊ लागले. १९९९ च्या अखेरीस संगणकीय गोंधळाच्या धास्तीने अमेरिकेत अशा साठ्याला मोठी मागणी आली.

या स्थित्यंतरात एक विसंगती दिसते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन सरकारने अणुहल्ल्याच्या भीतीपोटी सार्वजनिक आसरास्थाने सज्ज केली, तेव्हा तेथे कोरड्या बिस्किटांच्या डब्यांसोबत पाण्याची पिंपेही ठेवली होती. खाजगी साठ्याच्या विक्रीत मात्र पाणी मागे पडले आणि पाकीट पुढे आले. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर सरकारी मदतीत वाटली गेली ती एमआरई पाकिटे आणि बाटलीबंद पाणी. ज्या शहरात पाणी कमरेइतके साचले होते, तेथे पिण्यायोग्य पाणीच दुर्मिळ होते.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा व कृष्णा या नद्यांच्या पुराने कोल्हापूर व सांगली शहरांना वेढले, तेव्हा उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने नळाचे पाणी बंद झाले होते. अशा वेळी चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि बिस्किटे हे कोरडेच खाता येणारे पदार्थ अधिक उपयोगी ठरतात. पोह्यांचे स्थान मधले आहे. भात आधीच उकडून, कांडून, सुकवलेला असल्याने ते थोड्याशा थंड पाण्यातही भिजतात, विस्तवाची गरज राहत नाही. आधुनिक पाकिटाचे तत्त्व आणि पोह्यांचे तत्त्व एकच आहे, परंतु पोहे पाणी कमी मागतात आणि त्यांची किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्यात आहे.

निवड आणि तयारी : इतिहासाच्या प्रकाशात

वरील विवेचनाच्या आधारे शीतशुष्क जेवणाची निवड करताना पहिला विचार पाण्याचा करणे क्रमप्राप्त आहे. एका पाकिटास साधारणतः पाव ते अर्धा लिटर पाणी लागते. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात मान्य झालेल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार एका व्यक्तीस दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी अन्न, आणि केवळ जगण्यासाठी, पिणे व अन्न मिळून, अडीच ते तीन लिटर पाणी आवश्यक असते. अमेरिकन शासनाची नागरिकांना शिफारस माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्याची आहे. चार जणांच्या कुटुंबाचा तीन दिवसांचा हिशेब मांडल्यास शीतशुष्क अन्न, दर ग्रॅमला साडेचार कॅलरी धरून, साडेपाच ते सहा किलो भरते. त्याच कुटुंबासाठी साठवायचे पाणी मात्र सुमारे ४५ लिटर, म्हणजे ४५ किलो होते. अन्नाच्या वजनात केलेली बचत या आकड्यापुढे किरकोळ आहे. साठा करणाऱ्याने आधी पाण्याची सोय करावी आणि नंतर पाकिटांकडे वळावे, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा विचार कॅलरींचा आहे. पाकिटावर ‘दोन जणांसाठी’ असे छापलेले असले, तरी दिवसभर चढण चढलेल्या व्यक्तीला तेवढे एकट्यालाही कमी पडू शकते. म्हणून जणांची संख्या न पाहता एकूण कॅलरी, प्रथिने आणि मीठ यांचे आकडे पाहावेत. अशा पदार्थांत मिठाचे प्रमाण पुष्कळदा अधिक असते आणि मीठ तहान वाढवते. रक्तदाबाच्या रुग्णांनी याकडे विशेष लक्ष देणे इष्ट होय.

तिसरा विचार वेष्टनाचा आहे. उत्तम शीतशुष्क अन्नात दोन-तीन टक्केच ओलावा उरतो आणि त्याची रचना स्पंजासारखी सच्छिद्र असते. याच गुणामुळे ते पाणी जलद शोषते आणि याच गुणामुळे हवेतील दमटपणाही शोषते. कोकणासारख्या दमट प्रदेशात उघडलेले पाकीट फार काळ ठेवणे योग्य नाही. दीर्घ टिकाऊपणाचे आश्वासन न उघडलेल्या आणि थंड जागी ठेवलेल्या पाकिटापुरतेच असते.

तयारीच्या वेळी प्रथम आतील ऑक्सिजनशोषक पुडी काढून टाकावी. पाणी खळखळून उकळू द्यावे. शीतशुष्कनाने जंतू नष्ट होत नसल्याने अशुद्ध किंवा कोमट पाण्याने अन्न भिजवून ठेवणे धोक्याचे आहे. सांगितले असेल तेवढेच पाणी ओतून तळापर्यंत ढवळावे, पाकिटाचे तोंड बंद करावे आणि ते कपड्यात गुंडाळून ठेवावे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीला १०० अंश असलेला उत्कलनबिंदू ३,००० मीटरवर सुमारे ९० अंशांवर येतो. त्यामुळे तेथे भिजण्याचा काळ वाढवावा लागतो आणि त्या प्रमाणात इंधनही अधिक बाळगावे लागते. भिजवलेले अन्न ताज्या अन्नाइतकेच नाशवंत असते, म्हणून ते लगेच संपवावे.

सह्याद्रीतील भटकंतीच्या संदर्भात ऋतूचा विचारही आवश्यक ठरतो. पावसाळ्यात व हिवाळ्याच्या प्रारंभी गडांवरील टाक्यांत पाणी असते, ते गाळून व उकळून वापरता येते. एप्रिल-मे महिन्यांत अनेक टाकी आटतात. त्या दिवसांत पाठीवरून पाणी वाहून नेऊन सुके अन्न भिजवण्यापेक्षा घरून केलेली दशमी किंवा गूळपोळी नेणे अधिक शहाणपणाचे असते.

निष्कर्ष

१. शीतशुष्क अन्नाचा विकास वैद्यक, लष्कर, अंतराळ संशोधन आणि नागरी बाजार या क्रमाने झाला. प्रत्येक टप्प्यावर त्याचा प्रधान लाभ वजनातील घट आणि टिकाऊपणा हा होता.

२. हा लाभ पाण्याच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो. अपोलो यान, झऱ्यांचे अरण्य आणि हिमाच्छादित प्रदेश येथे तो पूर्णांशाने किंवा बहुतांशी मिळाला. व्हिएतनामचा कोरडा ऋतू आणि पूरग्रस्त शहरे येथे तो घटला.

३. शिबिराचे अन्न तेच आपत्तीचे अन्न, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. शिबिरार्थी पाणी पाहून मुक्काम ठरवतो, आपद्ग्रस्ताला ती मुभा नसते.

४. आपत्कालीन साठ्यात पाणी, कोरडेच खाता येणारे पदार्थ आणि त्यानंतर शीतशुष्क पाकिटे असा क्रम राखणे हितकारक ठरते. शासकीय व स्वयंसेवी यंत्रणांनी मदतीचा शिधा निवडताना अन्नाच्या वजनाबरोबर ते तयार करण्यासाठी लागणारे पाणी व इंधन यांचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.

अँडीजच्या कोठारातील चुन्योपासून आजच्या चकचकीत पाकिटापर्यंत अन्नातून पाणी काढण्याची कला मानवाने उत्तरोत्तर साध्य केली. ते पाणी परत कोठून आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक मोहिमेला, प्रत्येक गावाला आणि प्रत्येक कुटुंबाला आपापल्या परिस्थितीनुसार आगाऊ शोधून ठेवावे लागते. संकट येण्यापूर्वी हे उत्तर तयार असणे, यातच अशा साठ्याचे खरे सार्थक आहे.